विचार थांबले का?

‘मनाविषयी एवढं वाचता, मग तुमचे ते नको ते विचार थांबले का?’ हे मला नेहमी विचारलं जातं. विचारणारी बहुधा नुकतीच आई झालेली असते, आणि ती आवाज खाली आणून विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते: नाही, थांबले नाहीत. पण त्यांचा धाक गेला.

बाळंतपणानंतर विळीवर भाजी चिरताना मनात यायचं, आपणच ही बाळाला लावली तर? गॅलरीत बाळाला घेऊन उभं राहवत नसे. आईला मी विळी माळ्यावर ठेवायला सांगितली, कारण सांगितलं नाही. असं मनात येणारी बाई आई कसली, एवढंच डोक्यात घोळत राहायचं.

मग वाचनात आलं की १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा दहातल्या आठ जणांनी मनात नको ते विचार येत असल्याचं कबूल केलं होतं. २००८ च्या एका कॅनेडियन अभ्यासात तर पहिलटकरणींपैकी जवळजवळ निम्म्या जणींच्या मनात बाळाला मुद्दाम इजा करण्याचा नकोसा विचार येऊन गेला होता. ते वाचून मी रडले. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेक मिळतो, पण हे कुणी सांगत नाही. माझं म्हणणं आहे, पहिल्या तपासणीलाच सांगावं.

विचार दाबला की तो जास्त येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल काही त्यांच्या डोक्यातून जाईना. आपण जिवापाड जपतो त्या माणसाबद्दलचा विचार तर आपण सगळा जोर लावून दाबतो.

पण समजून घेण्यातही एक सापळा आहे. ‘मी वाईट नाही ना?’ याची खात्री करायला तेच तेच वाचणं, नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारणं, यानं घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी बळावते. ओसीडीमध्ये, म्हणजे नको ते विचार आणि खात्री करत राहण्याच्या चक्रात माणूस अडकतो त्या आजारात, नेमकं हेच होतं. तिथे वाचन पुरत नाही. तज्ज्ञांच्या मदतीनं, जिची भीती वाटते त्या गोष्टीजवळ हळूहळू जायचं आणि खात्री करण्याची सवय सोडायची, हा त्यावरचा मुख्य उपचार आहे. मलाही त्यानंच बरं वाटलं.

घरच्यांनी मात्र एक फरक ओळखायलाच हवा. नकोशा विचाराला आई घाबरते. पण तीच तो विचार बरोबर मानू लागली, कुणीतरी तसं करायला सांगतंय असं म्हणू लागली, तर ते वेगळं आणि गंभीर दुखणं आहे. तिला बाळाबरोबर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि नुसतं कुणाशी बोलायचं असेल, तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही असते, मराठीत बोललं तरी चालतं.