टोलवरून गाडीत वाद
आज काकांना घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो आणि टोलवरून गाडीतच वाद पेटला. काका म्हणे फास्टॅग नसलेल्याकडून रोखीत दुप्पट घेणं हा अन्यायच आहे, मी म्हटलं अहो आधी सुट्ट्या पैशांपायी रांगेत किती धूर खायचो आठवतंय ना, आणि आता नॅशनल हायवेला १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरलं तर सव्वापटच लागतो. राज्याने पण १ एप्रिल २०२५ पासून आपल्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा केला, मला ते पटलंय. पण काकांचा एक प्रश्न मनात राहिला, पैसे चुकून दोनदा कापले तर म्हाताऱ्या माणसाने कुणाकडे जायचं? माझे मागच्या महिन्यात असेच गेले, अजून आले नाहीत. नाक्यावर तक्रार ऐकून घेणारं एक तरी माणूस पाहिजेच ना!