मामाच्या बंदुकीची पावती

अमेरिकेत कुठेही गोळीबार झाला की फोन नेहमी मावशीचाच पहिला येतो. "काय गो, तुमच्याकडे परत झालं म्हणे? तुम्ही सगळी बरी ना?" टेक्सास केवढं आहे आणि घटना कुठे घडली, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. आम्ही बरे आहोत एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एवढी पोरं मरतात, तरी ती माणसं बंदुका बंद का करत नाहीत?" हाच प्रश्न शाळेच्या ग्रुपवर येतो. कुडाळला गेलं की रिक्षात येतो, बँकेत सहीचा नमुना द्यायला गेलं तर काउंटरच्या पलीकडूनही येतो. आजवर मी प्रत्येकाला दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तुम्ही सवडीने विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. ॲलन हे शेजारचं गाव. तिथल्या आउटलेट मॉलमध्ये एप्रिल-मे महिन्यात फिरलात तर मराठी, तेलुगू, गुजराती कानावर पडणारच. सुट्टीत भारतात जायचं असतं आणि न्यायच्या वस्तूंची यादी तिथेच पुरी होते. २०२३ च्या एप्रिलअखेरीस मी तिथून भाच्यासाठी बूट घेतले, पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवे लागणारे. तुलाही घेऊ का, म्हणून लेकीला विचारलं. ती तेव्हा दुसरीत होती. म्हणाली, "नको, अंधारात दिसतात."

मला काही उमगेना. मग तिनेच समजावलं. शाळेत लॉकडाउनची ड्रिल असते. 'लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट' असं त्यांना पाठ करायला लावलेलं. दार लावायचं, दिवे घालवायचे आणि दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सगळ्यांनी चिडीचूप बसायचं. तेवढ्यात कुणी पाय हलवला आणि बूट चमकले तर? विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नये, हे आपण लहानपणी जितक्या सहज सांगायचो, तितक्या सहज ती हे सांगत होती. मी बुटाचा खोका हातात धरून तशीच उभी राहिले.

त्याच्या पुढच्या शनिवारी, ६ मे रोजी, त्याच मॉलमध्ये एका माणसाने गोळीबार केला. आठजण गेले. त्यांत तीन मुलं होती. हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअरही होती. एक पोलिस दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेला होता, त्याने काही मिनिटांत त्या माणसाला मारलं, नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. संध्याकाळभर आमच्या ग्रुपवर एकेक घर 'आम्ही सुखरूप' लिहीत होतं. एक कुटुंब रात्री नऊपर्यंत काही लिहीना. ती माणसं सिनेमाला गेली होती, फोन बंद करून. ते तीन तास मी विसरलेले नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

बंदुका बंद करणं हे इथे सरकारच्या हातातलं काम नाही. राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ ची. तिच्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. तो नेमका कुणाचा, मिलिशियाचा म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलाचा, की एकेका नागरिकाचा, यावर दोनशे वर्षं वाद झाला आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितलं की तो व्यक्तीचा हक्क आहे, घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा. २०२२ साली, टेक्सासमधल्याच उवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर महिनाभरात, त्याच न्यायालयाने तो हक्क घराबाहेरही नेला. घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत आणि वर पन्नासपैकी ३८ राज्यांची संमती. आणि समजा उद्या बंदी आलीच, तरी बंदुका गोळा कशा करणार? २०१८ च्या एका अंदाजानुसार इथे लोकांकडे ३९ कोटी बंदुका आहेत, माणसांहून जास्त. कुणाकडे कोणती, याची देशपातळीवरची नोंदवही नाही, आणि ती ठेवायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. ऑस्ट्रेलियाने १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर केलं, ते मला नेहमी ऐकवलं जातं. केलं, आणि उत्तम केलं. सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या. पण तिथे घटनेने दिलेला हक्क आड येत नव्हता.

ही झाली कायद्याची बाजू. खरं कारण मला कळलं ते मामाच्या बंदुकीमुळे.

माझ्या आजोळी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे. वानर आणि रानडुकरं काजूत शिरली की मामा हवेत एक बार काढतो. दारू घालायची, गजाने ठासायची, केप बसवायची. दुसऱ्या बाराची तयारी होईपर्यंत डुकरं डोंगरापलीकडे गेलेली असतात. निवडणूक जाहीर झाली की ही बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. २०२४ च्या जूनमध्ये मी कुडाळला होते तेव्हा मामा म्हणाला, "चल गो, बंदूक हाडूक जाऊया." ऐन काजू-आंब्याचे महिने बंदूक ठाण्यात पडून होती, म्हणून वाटभर कुरकुरत होता. ठाण्यात शिपायाने आतून बंदूक आणली. नळीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर नाव-गाव. मामाने खिशातून चार घड्या घातलेली पावती काढली, परवान्याचं पुस्तक काढलं. शिपायाने नंबर जुळवला, वहीत सही घेतली. मामाने नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत पाहिलं, "गंज धरल्यान," म्हणाला, आणि बंदूक गोणपाटात गुंडाळली. ती मांडीवर आडवी धरून मी स्कूटरवर त्याच्या मागे बसून घरी आले.

परत आल्यावर ही हकिकत मी शेजाऱ्यांना सांगितली. सत्तरीचा गृहस्थ, जन्मापासून टेक्सासमधला, हरणाच्या शिकारीला जाणारा. आमच्या घराचं छप्पर गारांनी फुटलं तेव्हा शिडी घेऊन पहिला तोच आला होता. तो हातातलं काम टाकून ऐकायला लागला.

"म्हणजे लोक स्वतःहून नेऊन देतात?"

"हो."

"सगळे?"

"परवाना असलेले बहुतेक सगळेच. ज्यांना सांगतात ते देतात."

"आणि परत मिळते?"

"पावती असते ना."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग शांतपणे म्हणाला, "इथे कुणी नेऊन देणार नाही. मी तर नाहीच."

मामाचं सरकारवर प्रेम आहे अशातला भाग नाही. तलाठ्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांचा तो उद्धार करतो. पण दिलेली बंदूक परत येईल याबद्दल त्याच्या मनात शंका नसते, कारण परवाना ही सरकारने दिलेली परवानगी आहे आणि बंदूक हे डुकरांसाठीचं अवजार आहे, हे त्याला ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या लेखी बंदूक हा त्याचा स्वतःचा हक्क आहे, आणि तो मागायला सरकार दारात आलं तर त्या सरकारपासून वाचण्यासाठीच तो हक्क आहे. आपल्याला हे विचित्र वाटतं. पण १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा करून भारतातल्या माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं, तेव्हा काँग्रेसने आपल्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव केले होते. निःशस्त्र केल्याचा अपमान आपल्या पणजोबांनाही कळत होता. स्वातंत्र्यानंतर आपण १९५९ चा आपला कायदा केला आणि परवाना ठेवला. इथल्या लोकांनी त्या भीतीला घटनेत जागा दिली.

म्हणून एकाच प्रसंगातून दोन माणसं दोन टोकांचे धडे घेतात. उवाल्डीला ३७६ पोलिस जमले होते आणि ७७ मिनिटं वर्गात कुणी शिरलं नाही. मी म्हणते, अठरा वर्षं पुरी होताच त्या मारेकरी मुलाने दुकानात जाऊन दोन अर्धस्वयंचलित रायफली कायदेशीर विकत घेतल्या, हे आधी थांबवा. शेजारी म्हणतो, पोलिस बाहेर उभे राहिले, मग माझ्या नातवंडांचं रक्षण मी कुणावर सोपवू? त्याच्या या वाक्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. आठ-दहा वर्षं त्याच्या शेजारी काढल्यावर, तो दुष्ट आहे म्हणून मुलं मरतात, असं मला म्हणता येत नाही.

पण मला संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. बंदी आणि काहीच नको, यांच्यामध्ये केवढी तरी मोठी जागा आहे, आणि तिथे शेजारी आणि मी जवळजवळ एकाच ठिकाणी उभे आहोत. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेतली तर पूर्वेतिहासाची तपासणी होते. ओळखीच्या किंवा अनोळखी खासगी माणसाकडून घेतली तर केंद्रीय कायद्याने ती लागत नाही. २०१९ साली टेक्सासमध्येच मिडलंड-ओडेसाला सात माणसं मारणारा तपासणीत आधी नापास झाला होता. मग त्याने खासगीत घेतली. ही फट बुजवा असं बंदूक बाळगणाऱ्यांपैकीही बहुसंख्य लोक पाहण्यांत सांगत आलेत. शेजारीही सांगतो. कनेक्टिकटमधल्या सँडी हूकच्या शाळेत वीस चिमुकली मुलं आणि सहा मोठी माणसं गेल्यावर, एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ही फट बऱ्याच अंशी बुजवणारा प्रस्ताव आला. बाजूने ५४, विरुद्ध ४६. तरीही पडला, कारण तिथे असा प्रस्ताव पुढे न्यायला शंभरातली साठ मतं लागतात.

आमच्या ॲलननंतरचंही सांगते. उवाल्डीचे आईबाप राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनच्या विधानभवनात महिनोन् महिने खेटे घालत होते. मागणी एवढीच, की असली रायफल विकत घ्यायचं वय अठरावरून २१ करा. आमच्या मॉलमधल्या गोळीबारानंतर दोनच दिवसांनी, ८ मे रोजी, समितीने ते विधेयक आठ विरुद्ध पाच मतांनी पुढे पाठवलं. दोन रिपब्लिकन आमदारांनीही बाजूने मत दिलं. आईबाप तिथेच गळ्यात पडून रडले. दुसऱ्या दिवशी कामकाजाच्या यादीत घेण्याची मुदत टळली आणि विधेयक संपलं. मॉलमधला मारेकरी ३३ वर्षांचा होता, त्याला हा कायदा अडवू शकला नसता, हे खरं आहे. पण उवाल्डीच्या त्या मुलाला दुकानातून नक्की परत पाठवलं असतं.

असं होऊच शकत नाही, असंही नाही. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत २०१८ साली १७ जण गेले आणि महिन्याच्या आत तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नरने वय २१ केलं, शिवाय धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून कोर्टाच्या आदेशाने काही काळ बंदूक काढून घेण्याची सोय केली. आम्ही टेक्सासने २०२५ मध्ये उलट अशा आदेशांना राज्यात थारा नाही असा कायदा केला. उवाल्डीनंतर वॉशिंग्टनने २१ खालच्या खरेदीदारांची जास्त कसून तपासणी सुरू केली. जवळजवळ तीस वर्षांत केंद्राने उचललेलं पहिलं मोठं पाऊल तेच.

आणि तुमच्या प्रश्नात कधीच येत नाही ती गोष्ट. २०२१ साली या देशात बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसं गेली. त्यातल्या २६ हजारांहून जास्त आत्महत्या. टीव्हीवर दिसतात ते सामूहिक गोळीबार एकूण मृत्यूंत अगदी थोडे. बंदुकीने जीव द्यायला गेलेल्या दहातले जवळजवळ नऊ वाचत नाहीत. इतर कित्येक मार्गांनी गेलेली माणसं वाचतात, आणि वाचलेल्यांतली बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. नववी-दहावीतला मुलगा, एक वाईट रात्र आणि बापाच्या उशाशी उघडा ड्रॉवर. याचा मोर्चा निघत नाही, याच्यासाठी मावशीचा फोन येत नाही.

हे ड्रॉवर आता आपल्या घरांतही आहेत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेपर्यंत, थोडे अपवाद सोडले तर, बंदूक घेता येत नाही. ग्रीन कार्ड आलं की येते. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे चोरांना कळलंय, घरफोड्या झाल्यात, आणि घाबरलेल्या माणसांनी पिस्तुलं घेतलीत. त्यांची भीती मला समजते. म्हणून लेक कुणाकडे रात्री राहायला जाणार असली की मी आधी त्या आईला फोन करते. काही खायचं पथ्य नाही ना, कुत्रा आहे का, आणि घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का. इथले बालरोगतज्ज्ञही हे विचारायला सांगतात. अमेरिकन आया चटकन उत्तर देतात, कुणाला राग येत नाही. जड गेलं ते आपल्याच माणसाला विचारताना. गणपतीला आरतीत आमच्याकडे टाळ वाजवणारी, माझी चांगली मैत्रीण. फोनवर शांतता झाली. मग म्हणाली, "आहे. ह्यांच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये. पण मुलांना माहीत नाही गं." मी म्हटलं, मुलांना सगळं माहीत असतं. जरा लागलं तिला. त्या शनिवारी तिच्या मुली आमच्याकडे झोपायला आल्या.

तीन आठवडे तिने तो विषय काढला नाही. मग एका दुपारी फोन आला, "तुमच्या शेजाऱ्यांकडे तिजोरी आहे म्हणत होतीस. कुठली घ्यायची, विचारशील?" मी म्हटलं, तूच ये. गॅरेजमध्ये त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चष्मा लावला, कागद-पेन्सिल घेतली आणि बंदूक कोणती, किती मोठी, यातलं काहीएक न विचारता तिला म्हणाला, "घरात मुलं किती, आणि वयं काय?"