ब्राह्मी कोणती, हे ठरेपर्यंत

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या वागण्यावर ब्राह्मीच्या अर्काचा काय परिणाम होतो, हे पाहायचे मी ठरवले, तेव्हा अवघड काम प्राण्यांचेच असेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात उंदरांपर्यंत पोहोचण्याआधीच माझे सात आठवडे वनस्पतीच्या ओळखीच्या एका दाखल्यापायी गेले, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

पंचवटीतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून मी दोन किलो ब्राह्मीची पूड आणली आणि ती घेऊन दाखला देणाऱ्या कार्यालयात गेले. पहिल्या खेपेला अर्जावर विभागप्रमुखांची सही नव्हती आणि दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, त्यांनी पिशवी उघडून चिमूटभर पूड बोटांवर चोळली आणि शांतपणे म्हणाले, "या पुडीला मी नाव कसे देऊ? मुळासकट, फुलासकट झाड आणा." हे एवढे एक वाक्य खिडकीवरचे कारकून मला पहिल्याच दिवशी सांगू शकले असते, पिशवी त्यांनी स्वतः हातात घेऊन पाहिली होती.

मी दुकानात परत गेले. दुकानदार म्हणाले, "ताई, ब्राह्मी म्हणजे हीच, नाशकात सगळे हीच नेतात," आणि त्यांनी अख्खी वाळलेली पाने समोर ठेवली. पाने गोलसर, देठाशी खाच असलेली आणि कडेला दातेरी होती, म्हणजे ती मंडूकपर्णी होती. माझ्या आराखड्यात सगळीकडे मुख्य घटक म्हणून बॅकोसाइड लिहिले होते, आणि ते मिळते बॅकोपा मोनिएरी या जलब्राह्मीतून, जिची पाने लहान, जाडसर, बिनदेठाची आणि समोरासमोर असतात. मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, कोथिंबिरीच्या कुळातली. तिच्यातले मुख्य घटकच निराळे. आपल्याकडे दोघींनाही सर्रास ब्राह्मी म्हणतात. ती पूड तशीच पुढे गेली असती, तर मी उंदरांना एक वनस्पती देऊन प्रबंधात दुसरीचे नाव लिहिले असते. साहेबांचे बरोबर होते, हे मला त्या दिवशी नाइलाजाने मान्य करावे लागले. कारकुनाबद्दलचे मत मात्र बदललेले नाही.

जलब्राह्मी शेवटी गंगापूर रस्त्याकडच्या एका कालव्याच्या कडेला, चिखलात, फिकट जांभळ्या फुलांसह मिळाली. पहिला नमुना मी वर्तमानपत्रात घालून जाड पुस्तकांखाली ठेवला आणि विसरले. श्रावणातल्या दमट हवेत चौथ्या दिवशी त्यावर बुरशी आली. दुसऱ्या वेळी रोज सकाळी कागद बदलले. कागद रोज बदला, हे मला कोणी सांगितले नव्हते म्हणून इथे लिहून ठेवते. दाखल्यावरचा नमुना क्रमांकही लगेच दोन ठिकाणी उतरवून घ्यावा, कारण प्रबंधात आणि शोधनिबंधात तोच द्यावा लागतो.

दरम्यान प्राणी नैतिकता समितीची, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेत मंजुरी देणाऱ्या समितीची, एक बैठक हुकली. केंद्राच्या समितीने नेमलेला प्रतिनिधी हजर असल्याशिवाय ही बैठक होत नाही, त्यामुळे पुढची तारीख आपल्या सोयीने मिळत नाही. दाखल्याच्या मागे लागण्याआधी ती तारीख विचारून घ्यावी. बैठकीत मात्र अर्ध्या तासात काम झाले. सहा गटांत प्रत्येकी सहा, असे ३६ उंदीर कशासाठी, कमी का चालणार नाहीत, एवढेच त्यांनी खोदून विचारले. उंदरांसारख्या लहान प्राण्यांचा प्रस्ताव संस्थेच्या पातळीवरच मंजूर होतो, दिल्लीला जावे लागत नाही.

पुढचा प्रयोग, म्हणजे पिंजरा तिरका ठेवणे, तूस ओले करणे, रात्री दिवा चालू ठेवणे असे रोज बदलते ताण आणि शेवटी उंदराची भीती जोखणारी, उंचावर ठेवलेल्या अधिकच्या चिन्हाच्या (+) आकाराच्या चक्रव्यूहावरची पाच मिनिटांची चाचणी, हे सारे वेळापत्रकाप्रमाणे पार पडले.

आणखी एक आठवले: ताजी वनस्पती वाटते त्याच्या कितीतरी पट जास्त तोडून आणावी. जलब्राह्मी रसाळ असते. वाळल्यावर टोपलीभर पाल्याची जेमतेम ओंजळभर पूड उरते, आणि अर्क त्याहून कमी. मला कालव्यावर तीन वेळा जावे लागले.

पंचवटीची ती दोन किलो पूड अजून घरात स्टीलच्या डब्यात आहे. आई ती केसांच्या तेलात घालते आणि तिला ब्राह्मीच म्हणते.