मेम्फिस ते क्लोव्हिस: रॉक अँड रोलच्या रेकॉर्डिंगच्या खोल्या ऐकायला जाताना

1950च्या दशकातलं रॉक अँड रोल आणि रॉकबिली (त्याचा कंट्री संगीताच्या वळणाचा प्रकार) ज्या खोल्यांमध्ये रेकॉर्ड झालं, त्यातल्या मोजक्याच आज उभ्या आहेत. न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, नॅशव्हिल आणि न्यू मेक्सिकोतलं क्लोव्हिस अशी आमची फेरी झाली. तिकडे जाणाऱ्यांना पहिलाच सल्ला असा की पाहण्यापेक्षा ऐकण्याची तयारी करून निघा. त्या काळी सगळे वादक एकदम वाजवायचे आणि सगळा आवाज एकाच ट्रॅकवर उतरायचा. ड्रम जरा जास्त झाले म्हणून मागाहून कमी करण्याची सोय नव्हती. त्यामुळे छताची उंची, भिंतीची टाइल, गायकाचं माईकपासूनचं अंतर हे सगळं गाण्यातच मुरलेलं आहे. खोलीत उभं राहिलं की ते ओळखू येतं, पण कान आधी तयार हवेत.

त्यासाठी एकाच गाण्याच्या, दोन वेगवेगळ्या खोल्यांत झालेल्या रेकॉर्डिंगच्या जोड्या फोनमध्ये उतरवून घ्या. बडी हॉलीचं 'दॅट'ल बी द डे' जुलै 1956 मध्ये नॅशव्हिलला ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत झालं आणि फेब्रुवारी 1957 मध्ये पुन्हा क्लोव्हिसला झालं. रॉय ऑर्बिसनचं 'ऊबी डूबी' आधी क्लोव्हिसला आणि मग मेम्फिसच्या सन स्टुडिओत, दोन्ही 1956 मध्ये. 'ब्लू स्वेड शूज' कार्ल पर्किन्सने डिसेंबर 1955 मध्ये सनमध्ये केलं, एल्व्हिसने पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी. उतरवताना मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी, आवृत्तीच निवडा. साठच्या दशकात कंपन्यांनी जुन्या मोनो गाण्यांना कृत्रिम स्टिरिओ करून विकलं आणि वर आणखी प्रतिध्वनी चढवला. त्या आवृत्त्या आजही फिरत आहेत. त्या ऐकून खोलीबद्दल काही ठरवलंत तर साफ चुकाल.

न्यू ऑर्लिन्सचा थांबा छोटा आहे. नॉर्थ रॅम्पार्ट आणि ड्यूमेन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, लुई आर्मस्ट्राँग पार्कच्या समोर, कोझिमो मटासाचा जे अँड एम स्टुडिओ होता. फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' इथे 10 डिसेंबर 1949 रोजी झालं आणि लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' 14 सप्टेंबर 1955 रोजी. जे अँड एम नावाच्याच संगीताच्या दुकानाच्या मागची ती खोली एखाद्या बेडरूमएवढी होती. आवाजाचा तोल सांभाळायचा उपाय एकच: वादकाला माईकच्या जवळ आणायचं नाहीतर मागे सरकवायचं. सॅक्सोफोन पुढे यावा असं वाटलं की सॅक्सोफोनवालाच पुढे यायचा. अर्ल पामरचे ड्रम त्या गर्दीत सगळ्यांच्या माईकमध्ये शिरायचे, आणि त्या रेकॉर्डचा दणका तिथूनच येतो.

आज तिथे कपडे धुण्याचं लाँड्रोमॅट आहे. बाहेर स्मारकाची पाटी आहे आणि दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर दुकानाचं जुनं नाव अजून वाचता येतं. आत लोक कपडे धुवत असतात, त्यांच्या यंत्रांसमोर गर्दी करू नका. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. कॅनॉल स्ट्रीटवरून चालत जाता येतं. अंधार पडायच्या आत जाऊन या.

न्यू ऑर्लिन्स ते मेम्फिस सुमारे 640 किलोमीटर. गाडी चालवायची नसेल तर अ‍ॅमट्रॅकची 'सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स' ही रेल्वे आहे. ती दुपारी निघून रात्री उशिरा मेम्फिसला पोचते, म्हणून पहिल्या रात्रीची खोली स्टेशनजवळ साउथ मेन भागातच घ्या.

या फेरीचा खरा मुक्काम म्हणजे 706 युनियन अ‍ॅव्हेन्यूवरचा सन स्टुडिओ. सॅम फिलिप्सने जानेवारी 1950 मध्ये इथे मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस सुरू केली आणि 1952 मध्ये सन रेकॉर्ड्स काढली. तिकीट शेजारच्या इमारतीत, कॅफेच्या काउंटरवर मिळतं. फेरी साधारण पाऊण तासाची. आधी वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन, मग खाली स्टुडिओ. पाच वर्षांखालच्या मुलांना फेरीत घेत नाहीत, तेव्हा लहान मूल बरोबर असेल तर आळीपाळीने जा. दिवसाची पहिली फेरी गाठा, कारण गर्दी जितकी जास्त तितका आवाज कपड्यांत आणि माणसांत जिरतो आणि खोली कळेनाशी होते. संध्याकाळनंतर तिथे आजही रेकॉर्डिंग चालतं.

खोली सुमारे 18 फूट रुंद आणि 30 फुटांहून थोडी लांब. छताकडे आधी बघा. ते सपाट नाही, व्ही आकाराच्या घड्यांचं आहे. सपाट छत आणि सपाट फरशी समोरासमोर आली की आवाज दोघांमध्ये वरखाली आपटत राहतो आणि टाळी वाजवल्यावर झणझण ऐकू येते. छताला घड्या दिल्या की आवाज तिरका फेकला जातो आणि ती झणझण मोडते. भिंतींवरच्या छिद्रांच्या टाइल वरच्या पट्टीतला आवाज खातात, खालच्या पट्टीतला फारसा खात नाहीत. म्हणून खोली मेलेली वाटत नाही, खालचा आवाज अंगाला जाणवतो. गाइडला विचारून, तो बोलत नसताना, एकदाच टाळी वाजवा. आधी खोलीच्या मध्यावर, मग कंट्रोल रूमच्या काचेसमोर. फरक कळतो.

आता सनच्या त्या प्रसिद्ध प्रतिध्वनीकडे, स्लॅपबॅककडे वळू. तो खोलीचा आहे असा समज सर्रास आढळतो. खोलीत उभं राहून साधं गणित करा. सनचा स्लॅपबॅक सुमारे 130 मिलिसेकंदांनी परत येतो. तेवढ्या वेळात आवाज सुमारे 45 मीटर जातो, म्हणजे भिंत 22 मीटरवर हवी. इथली सगळ्यात लांबची भिंत दहा मीटरवर आहे. तेव्हा तो प्रतिध्वनी या खोलीत तयार होणंच शक्य नाही. तो टेपचा आहे.

1954 मध्ये फिलिप्सने अँपेक्स 350 ही दोन टेप मशीन घेतली. मशीनमध्ये रेकॉर्ड करणारं हेड आधी आणि वाजवणारं हेड जरा पुढे असतं, मध्ये साधारण दोन इंच अंतर. टेप सेकंदाला 15 इंच धावते. दोनाला पंधराने भागलं की 0.133 सेकंद येतात. आवाजाचा एक फाटा दुसऱ्या मशीनवर रेकॉर्ड करायचा, तिथलं वाजवणारं हेड तो लगेच वाजवतं आणि उशिरा आलेला हा आवाज मूळ आवाजात मिसळायचा. हे सगळं गाणं चालू असतानाच. एकदा टेपवर उतरलं की प्रतिध्वनी वेगळा काढता येत नाही, म्हणजे त्याचं प्रमाण फिलिप्सला त्या क्षणी, कानाने ठरवावं लागायचं.

घरी हा आवाज करू पाहणाऱ्यांचं इथेच बिनसतं. मशीनचा वेग साडेसात इंचांवर ठेवला की उशीर दुप्पट होतो, 267 मिलिसेकंद, आणि आवाज डोंगरात ओरडल्यासारखा होतो. संगणकावर करत असाल तर उशीर 130 ते 140 मिलिसेकंद ठेवा, फीडबॅक शून्यावर आणा म्हणजे प्रतिध्वनी एकदाच येईल, आणि परत येणाऱ्या आवाजाची वरची पट्टी थोडी कापा. फीडबॅक वाढवला की शब्द चिखलात जातात. आणखी एक गोष्ट लयीची. मिनिटाला 113 ठोक्यांच्या गाण्यात 133 मिलिसेकंद म्हणजे बरोबर पाव ठोका. लय त्याच्या आसपास असली की प्रतिध्वनी तालात बसतो आणि एक जास्तीचा वादक असल्यासारखं वाटतं. लय बदला, तोच प्रतिध्वनी अडखळू लागतो.

5 जुलै 1954 रोजी इथे 'दॅट्स ऑल राइट' झालं तेव्हा खोलीत एल्व्हिस, गिटारवर स्कॉटी मूर आणि डबल बेसवर बिल ब्लॅक एवढेच होते. ड्रम नाहीत. ठोका येतो तो बिल ब्लॅकच्या हातातून: तार ओढून सोडली की ती मानेच्या लाकडावर सपकन आपटते. जॉनी कॅशने तर गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवून स्नेअर ड्रमचं काम भागवलं. हे घरी करून पाहण्यासारखं आहे. कागदाची दोन बोटं रुंद घडी घ्या, एका तारेखालून, पुढच्या तारेवरून अशी ओवा आणि पिकने दोन्ही दिशांना झटके द्या. कागद फार जाड घेतला तर सूर पूर्ण मरतो, पातळ घेतला तर नुसता फरफरतो.

त्याआधीचं, मार्च 1951 मधलं 'रॉकेट 88' विसरू नका. गायक जॅकी ब्रेन्स्टन, बँड आइक टर्नरचा. प्रवासात गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर फाटला होता, त्यात कागद कोंबून काम चालवलं. स्पीकरचा फाटलेला शंकू एकसंध हलत नाही, कागद त्याला घासून गुरगुरतो, आणि तो आवाज फिलिप्सने दुरुस्त न करता तसाच पुढे आणला. आमच्या मते त्याचं मोठेपण या निवडीत आहे. यंत्रं इतरांकडेही होती.

कंट्रोल रूमच्या काचेतून आत बघून घ्या, आणि पुढच्या छोट्या ऑफिसात जरा थांबा. फिलिप्सच्या सहकारी मॅरियन किस्कर इथे बसायच्या. 1953 च्या उन्हाळ्यात एल्व्हिस याच दारातून आला आणि सुमारे चार डॉलर देऊन स्वतःची पहिली डिस्क करून घेऊन गेला.

सनपासून चालत 639 मॅडिसनला जा. फिलिप्सने 1960 मध्ये सुरू केलेला दुसरा स्टुडिओ तिथे आहे. ते संग्रहालय नाही, बाहेरून बघायचं. साउथ मेनवर चिस्का हॉटेलची इमारत आहे. रेडिओ निवेदक ड्यूई फिलिप्सने (सॅमचा नातेवाईक नव्हे) 'दॅट्स ऑल राइट' रेडिओवर पहिल्यांदा तिथूनच वाजवलं. आता तिथे लोक राहतात, आत शिरू नका. एल्व्हिसचं घर ग्रेसलँड गावाच्या दक्षिणेला आहे, त्याला अर्धा दिवस द्या. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने मात्र सनच्या तुलनेत तिथे थोडंच आहे.

शाकाहारींनी सावध राहा. दक्षिणेत पालेभाजी आणि घेवड्याच्या बिया बऱ्याचदा डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात, आणि मेनूवर त्याला भाज्यांचं ताटच म्हणतात. कॉर्नब्रेडमध्येही चरबी असू शकते. मांस आहे का, एवढं विचारून थांबू नका. कशात शिजवलं तेही विचारा.

नॅशव्हिल मेम्फिसहून सुमारे 340 किलोमीटर. आरसीए स्टुडिओ बीला थेट जाऊन आत शिरता येत नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममधून तिकीट घ्यायचं आणि त्यांच्याच बसने जायचं. हा स्टुडिओ 1957 चा. एल्व्हिसचं 'हार्टब्रेक हॉटेल' इथलं समजून लोक येतात, पण ते 10 जानेवारी 1956 रोजी मॅकगॅव्हक स्ट्रीटवर झालं आणि ती इमारत आता नाही. आरसीएच्या अभियंत्यांना सनचा स्लॅपबॅक साधला नाही, म्हणून त्यांनी जिन्याजवळच्या बोळाचा घुमार वापरला. दोन्ही लागोपाठ ऐका: सनमध्ये आवाज एकदा, ठसठशीत परत येतो, बोळातला विरत जातो.

क्लोव्हिस मात्र वाट वाकडी करून जावं असं आहे. 1313 वेस्ट 7th स्ट्रीटवर नॉर्मन पेटीचा स्टुडिओ जवळजवळ जसाच्या तसा आहे. बाकीचे स्टुडिओ तासावर पैसे घेत. नॅशव्हिलला तीन तासांच्या सेशनमध्ये चार गाणी उरकायचा रिवाज होता. पेटी गाण्यामागे पैसे घ्यायचा, त्यामुळे घड्याळाची भीती नाही. 'दॅट'ल बी द डे'ची जोडी इथे येण्याआधी पुन्हा ऐका. नॅशव्हिलच्या आवृत्तीत हॉली ताणून गातो. क्लोव्हिसच्या आवृत्तीत सगळेजण मोकळे झालेले कळतात.

इथला प्रतिध्वनी तिसऱ्या जातीचा. एका रिकाम्या खोलीत एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला माईक, स्टुडिओतला आवाज तिथे वाजवायचा आणि घुमलेला परत आणायचा. हॉलीच्या 'पेगी सू'मध्ये त्याचा ड्रमर जेरी अ‍ॅलिसनचे ड्रम इतके मोठे होते की त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. त्या ड्रमचा प्रतिध्वनी पेटी गाणं चालू असताना चालू-बंद करत राहिला. हेडफोन लावून ऐका, ड्रम जवळ येतात, दूर जातात. 'एव्हरीडे'मध्ये ड्रमच नाहीत, अ‍ॅलिसन मांड्यांवर हात मारतो.

स्टुडिओ रोज उघडा नसतो. आधी कळवून, वेळ ठरवूनच जा, निदान काही आठवडे आधी. डलासकडच्या मराठी मंडळींना टेक्ससमधलं लबक, म्हणजे हॉलीचं गाव, सुमारे 550 किलोमीटर पडतं आणि तिथून क्लोव्हिस आणखी 160. लबकला मुक्काम करा, बडी हॉली सेंटर आणि शेजारी हलवून आणलेलं अ‍ॅलिसनचं घर बघा. भारतातून येणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा, आणि भाड्याच्या गाडीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड बाळगावं, डेबिट कार्डवर अनेकदा अडतं. वाटेत गावं विरळ आहेत, पेट्रोल लबकमध्येच भरून घ्या. राज्याची सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं. क्लोव्हिसची वेळ ठरवताना कोणत्या घड्याळाने ते विचारून घ्या; परतताना तोच तास हातचा जातो, म्हणून लबकला त्याच संध्याकाळी काही बघायचं ठेवू नका.