पिंगतौ-आन: चौथी नोंद, पावसाळ्यानंतर

जूनमध्ये बसवलेली टेबलाची वरची फळी ऑगस्टमध्ये फुगली आणि वरच्या चौकटीचे दोन कोपरे उघडले. मागच्या नोंदीत वरचा भाग झाला असं लिहिलं होतं. तो पुन्हा खोलावा लागला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मिंग काळातल्या (१३६८–१६४४) चिनी टेबलाची अर्ध्या मापाची प्रतिकृती चालू आहे. लांबी ९० सेंटिमीटर, उंची ४०. चिनी सुतारकामात पाय चार कोपऱ्यांवर असले की ते ‘च्वो’, आणि टोकांपासून आत घेतलेले असले की ‘आन’. पिंगतौ म्हणजे सपाट टोकांचं. टोकं वर वळवलेली असली की ते चिआओतौ-आन. गरम विटांच्या ओट्यावर, म्हणजे खांगवर, मांडी घालून बसायचं तर त्याच्यासाठी वेगळी, बुटकी टेबलं होती. आठ जणांचं चौकोनी जेवणाचं टेबल ‘आठ अमरांचं’ म्हणून ओळखलं जातं. माझ्या आवडीचं मात्र हेच, कागद पसरून लिहायचं-रंगवायचं.

मूळ टेबलं हैनान बेटावरच्या ह्वांगह्वाली लाकडाची किंवा झितानची. झितान म्हणजे आपलं रक्तचंदन. ते परवडणारही नाही आणि घ्यायचंही नाही. ह्वांगह्वाली मात्र आपल्या शिसवाच्याच कुळातली, दोन्ही डालबर्जिया. म्हणून एका जुन्या पलंगाचे मोडके शिसवी पाय आणि पाट्या घेतल्या. वास आणि वजन दोन्ही मन सुखावणारं.

आता चुकीबद्दल. या टेबलाची वरची फळी चौकटीला चिकटवलेली नसते. फळीच्या कडेला जीभ, चौकटीत खाच, आणि कोपरे ४५ अंशांत कापून आत कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) लपवलेलं. फळी खाचेत मोकळी राहते, म्हणून पावसाळ्यात आडवी फुगली आणि उन्हाळ्यात आक्रसली तरी कोपऱ्यावर ताण येत नाही. मी फळी घट्ट बसवली, खाचेत जागाच सोडली नाही. शिवाय जून महिना. त्या फळीला पुढे फुगायचंच होतं. आता दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर जागा ठेवली आहे. खालून आडवी पट्टी डव्हटेलने, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या रुंदावत्या सांध्याने, सरकवली, सरस फक्त मधोमध. जुन्या टेबलांच्या पोटाला माती, तागासारख्या धाग्यांचं कापड आणि झाडाच्या चिकाचं लॅकर यांचा थर देत, दमटपणा हळू आत शिरावा म्हणून. कारागिरांनी न दिसणाऱ्या बाजूची एवढी काळजी घेतली, हे मला सगळ्यात जास्त भावतं.

पाय हा वेगळाच आनंद. पायाचं वरचं टोक मधून चिरायचं, त्या चिरेत झालरपट्टी (चौकटीखालची उभी पट्टी) आणि तिच्याखालचे कोरलेले तुकडे अडकवायचे, आणि राहिलेली कुसवं वर चौकटीत घालायची. खिळा नाही. पाय किंचित बाहेर कललेले असल्याने चीर काटकोनात चालत नाही, बेव्हल (तिरका कोन आखायचं साधन) लावूनच आखावी लागते. लाकडी इमारतीच्या खांब-तुळईची रीत इथे स्पष्ट दिसते.

चिनी फर्निचरचे अभ्यासक वांग शिश्यांग यांनी जमवलेले मिंग आणि त्यानंतरच्या छिंग काळातल्या फर्निचरचे ७९ नग शांघाय संग्रहालयात आहेत. त्यांतल्या टेबलांच्या छायाचित्रांवरून मी पायाचा कल घेतला, पण डोळ्याला जास्त वाटला म्हणून अर्धा अंश कमी केला.

तीन पाय बसले. काल उजव्या कोपऱ्यात कागदाची कड घालून पाहिली, शिरली नाही. चौथ्या पायाची चीर राहिली आहे, आणि त्याच्या रेषा तिरक्या आहेत, म्हणून पटाशीला धार लावूनच हात लावणार.