उंबरठ्याची वेळ: पहाटेच्या धावण्याची सोळा आठवड्यांची नोंद

दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून मी एक वही ठेवली आहे. धावण्याचं अ‍ॅप फोनमध्ये आहेच, पण ते धावायला लागल्यापासूनचं सगळं मोजतं आणि माझी अडचण त्याच्या आधीची होती. गेले तीन हिवाळे मी बडोद्याच्या कमाटीबागेत धावायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा महिन्याभरात ते सुटलं. गुडघे दुखले नव्हते, दमही टिकत होता. सकाळी अंथरूण सुटत नव्हतं, एवढंच. म्हणून या वेळी वहीतला पहिला रकाना अंतराचा किंवा वेगाचा ठेवला नाही. बूट घालून घराचा उंबरठा किती वाजता ओलांडला, तेवढं लिहायचं. नाही ओलांडला तर फुली.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे आकडे कुठल्या घरातले आहेत ते कळेल. वय ४४. घर दांडिया बाजारात, नोकरी साडेदहाची, मुलगी अकरावीत, आई आमच्याकडेच राहते. आठवड्यातून सहा दिवस बाहेर पडायचं, रविवारी सुट्टी. डोळ्यांसमोर आहे ती नवलखी मैदानावरून सुटणाऱ्या वडोदरा मॅरेथॉनमधली दहा किलोमीटरची दौड. या वर्षी नाही जमली तर पुढच्या वर्षी.

पहिला आठवडा: सहापैकी दोन

सोमवारी गजर सव्वापाचचा, उंबरठा ५:४०. खूप बरं वाटलं. त्याच रात्री कोजागिरी. गच्चीवर मसाला दूध आटवून, चंद्र त्यात पाहून झोपायला साडेबारा वाजले. मंगळवार, बुधवार, गुरुवार फुली. शुक्रवारी ६:२०. शनिवारी फुली.

फुल्यांच्या दिवशी काय झालं ते मी त्या-त्या दिवशीच लिहून ठेवलं आणि चारही ठिकाणी एकच गोष्ट निघाली. गजर ऐकू आला, तो बंद केला, डोळे मिटून ‘आज जावं का’ यावर विचार केला आणि त्या विचारात झोप लागली. झोपेतून जागं झाल्यावर मेंदू लगेच पूर्ण कामाला लागत नाही. साधारण पंधरा ते तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, एक जडपणा राहतो. गाढ झोपेतून उठवलं गेलं किंवा रात्रीची झोप अपुरी असली तर तो जडपणा आणखी वाढतो. म्हणजे मी रोज निर्णय घेत होते तो दिवसातल्या सगळ्यांत वाईट अर्ध्या तासात. गजर दहा-दहा मिनिटांनी पुढे ढकलण्याचाही उपयोग नव्हता. ती तुटक झोप नीट विश्रांती देत नाही.

दुसरा आठवडा: सहापैकी तीन

या आठवड्यात मी सव्वापाचचा हट्ट सोडला. पहाट म्हणजे पाच, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं आहे, पण बडोद्याचा सूर्य ते मानत नाही. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर आणि बडोदं आहे ७३.२ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सदतीस मिनिटं मागे चालतो. नागपूरकरांना हाच फरक चौदा मिनिटांचा पडतो. जूनमध्ये आपल्याकडे सहाच्या आत उजाडतं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेसहाच्या सुमारास आणि जानेवारीत सूर्य दिसायला सव्वासात होतात. शरीराचं घड्याळ जुळतं ते उजेडावर. ऑक्टोबरात सव्वापाचला उठणारा माणूस शरीराच्या हिशेबाने अजून रात्रीतच असतो.

दुसरं कारण तितकंच खरं आहे. मी एकटी बाई, आणि पाच वाजता आमच्या गल्लीत कुत्र्यांशिवाय कोणी नसतं. सहानंतर रावपुऱ्याच्या रस्त्यावर चालणारी मंडळी दिसायला लागतात, पेपरवाले असतात, चहाची लारी उघडते. बायकांना मी स्पष्टच सांगेन: अंधाराची भीती ही तुमच्या निश्चयातली खोट नाही. रस्ता आणि वेळ बदलून ती सोडवता येते. मी उंबरठ्याची वेळ ६:०५ ठरवली, गजर ५:४५. गजर वाजला की आधी ट्यूबलाइट लावायची, मग बाकीचं.

तरी तीनच दिवस झाले.

तिसरा आठवडा: सहापैकी तीन, पण याच आठवड्यात गोष्ट उलगडली

नरक चतुर्दशीला घरातले चौघेही साडेचारला उठलो. अकरावीतली मुलगीसुद्धा, जिला एरवी हाका मारून घसा बसतो. गजर कोणी लावलाच नव्हता. आई तेलाची वाटी आणि उटणं घेऊन उभी होती, पाणी तापलं होतं, आणि एकेकाने उठणं भागच होतं. अभ्यंगस्नान झालं, उंबरठ्याशी डाव्या अंगठ्याने कारीट फोडलं आणि मी तशीच बूट घालून बाहेर पडले. ५:५२. दारोदारी पणत्या, हवेत फटाक्यांचा थोडा वास, सूरसागरच्या पाण्यात दिव्यांच्या रेषा. तीन किलोमीटर झाले ते कळलेही नाहीत.

परत आल्यावर फराळ करताना आईला विचारलं, तुला रोज पाचला जाग येते ती कशी?

आई म्हणाली, “अगं, दूधवाला यायचा ना. भांडं घेऊन दारात उभं राहावं लागायचं. नाही उघडलं दार तर तो पुढे जायचा, मग दिवसभर दूध नाही. चाळीस वर्षं तेच केलं. आता दूधवाला नाही, पण जाग तेवढी राहिली.”

हे ऐकून मी बराच वेळ तशीच बसले होते. मला वाटत होतं, तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त निश्चय आहे. तिच्याकडे दारात येणारा माणूस होता.

आमच्याकडे दुधाच्या पिशव्या रात्रीच येतात, नवरा कामावरून येताना आणतो. भाऊबीजेच्या रात्री मी त्याला सांगितलं, उद्यापासून आणू नकोस. सकाळचं दूध मी आणणार. आईचा चहा पावणेसातचा असतो, आणि तिला कोरा चहा चालत नाही.

चौथा ते सहावा: पाच, सहा, पाच

फरक एवढा मोठा होता की मला स्वतःला वहीवर विश्वास बसेना. उठावंसं वाटत होतं असं मुळीच नाही. चौथ्या आठवड्यातल्या प्रत्येक दिवसापुढे मी ‘कंटाळा’ लिहिलेलं आहे. पण गजर वाजला की डोक्यात येणारा प्रश्न बदलला. ‘आज जावं का’ हा प्रश्न मिटला आणि त्या जागी ‘पिशवी कुठे आहे’ आला, आणि त्याचं उत्तर जडावलेल्या डोक्यालाही देता येतं.

ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी व्यवस्था लिहिते. घरातून निघून रावपुऱ्यातून कोठीवरून काळ्या घोड्याच्या चौकापर्यंत, मग कमाटीबागेत एक फेरी, त्याच वाटेने परत. दुधाचं केंद्र मी मुद्दाम परतीच्या वाटेवरचं निवडलं, घरापासून सातशे मीटरवर. दूध हातात घेऊन धावू नये. पिशवी हिसके खाते, खांदा एका बाजूला झुकतो आणि चाल बिघडते. मी तिथून घरापर्यंत चालते आणि तेच माझं अंग निववणं. कापडी पिशवी घडी करून खिशात, सोबत पन्नासची नोट, किल्ली दोरीने मनगटाला. केंद्रावरचे भाई आता ओळखतात. एक दिवस दहा मिनिटं उशीर झाला तर म्हणाले, “आजे मोडा थया?” दारात येणारा दूधवाला मला असा मिळाला.

रात्रीची बाजूही याच आठवड्यांत बसवली. सकाळचे आकडे नीट पाहिले तर फुल्या जवळजवळ सगळ्या अकरानंतर दिवे बंद केलेल्या रात्रींपुढे आहेत. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी, म्हणजे पावणेसहाला उठायचं तर पावणेअकराला झोप लागलेली हवी. ऑफिसातला संध्याकाळी सहाचा चहा बंद केला. कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचं निम्मं कॅफीन अकरा वाजताही अंगात असतं. शेवटचा चहा आता साडेतीनला. पहिले चार दिवस डोकं जड होतं, मग सरावलं.

सातवा आठवडा: सहापैकी चार

इथे थांबून लिहायला हवं. बुधवारी गजर वाजला तो मला आठवतही नाही. जाग आली तेव्हा ७:१० झाले होते. स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर पातेल्यात पाणी मोजून ठेवलेलं, आलं किसलेलं, साखर घातलेली, गॅस बंद. आई पाटावर पेपर वाचत बसली होती. मला पाहून म्हणाली, “झोप लागली होती ना? बरं झालं.”

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तशीच खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणलं.

आणि आठव्या आठवड्यात बर्फाचा ट्रे काढताना मागे दुधाची एक पिशवी सापडली. विचारलं तर म्हणाली, “एखाद दिवशी तुला झोपावंसं वाटलं तर असावी म्हणून ठेवली.” मी तिच्याजवळ बसले आणि तिला सगळं नीट सांगितलं. तुझ्या चहामुळे मी उठते, ती पिशवी तिथे आहे हे मला माहीत असलं तर मी उठणार नाही. तिला आधी ते पटेना. आईने चहासाठी लेकीला उठवायचं, हे तिच्या मनाला लागत होतं. शेवटी म्हणाली, “म्हणजे मी तुझा दूधवाला.” त्या पिशवीचं तिने दही लावलं.

दहावा आठवडा: सहापैकी पाच

या आठवड्यात वहीचा ६६वा दिवस होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी रोज एक नवीन सवय लावायची होती. ती अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण वेगवेगळ्या माणसांचा अंदाज अठरापासून दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत गेला. लोक ६६ तेवढं लक्षात ठेवतात, मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यावर फारसा परिणाम झाला नव्हता. माझे मागचे तिन्ही हिवाळे पहिल्या सलग फुल्यांनंतर ‘आता मोडलंच’ म्हणून संपले होते.

६६व्या दिवशी विशेष काही घडलं नाही. त्याच्या आसपास एक गोष्ट मात्र लक्षात आली: ट्यूबलाइट लावून मी बुटांकडे जाते तेव्हा डोक्यात काहीच नसतं. कंटाळाही नसतो.

अकरावा ते चौदावा: सहा, पाच, तीन, पाच

तेराव्यात सर्दी-ताप, तीन दिवस नवऱ्याने दूध आणलं. डिसेंबरात सातच्या आधी उजाडत नाही, त्यामुळे अर्धी धाव दिव्यांखाली होते. मी बागेतली फेरी उलटी केली, म्हणजे कमी उजेडाचा भाग शेवटी येतो. विश्वामित्रीच्या पुलावर गारवा एकदम अंगावर येतो. खालच्या पाण्यातल्या मगरी ऊन चढल्यावर काठावर येतात, आपल्या वेळेला दिसत नाहीत. थंडीत पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश: ८:५० मिनिटं. तिसऱ्यापर्यंत ७:२५ वर येते. पहिल्या किलोमीटरच्या वेगावरून दिवस कसा जाणार हे ठरवू नका. सांधे आणि स्नायू तापायला तेवढा वेळ घेतातच.

पंधरावा आणि सोळावा: चार, सहा

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात दोन दिवस धावले नाही, फक्त चालत दूध आणलं आणि वहीत फुलीच मारली. रस्त्यावर, झाडांत, तारांवर मांजा लोंबकळत असतो आणि अंधारात तो दिसत नाही. दुचाकीवाले हँडलला तारेची कमान लावतात, धावणाऱ्याच्या गळ्यापुढे काही नसतं. उत्तरायणानंतरही आठवडाभर गळ्याभोवती जाड रुमाल बांधा आणि वाटेत गुंता दिसला तर गोळा करून कचऱ्यात टाका. पक्षीही त्यात अडकतात.

सोळा आठवड्यांत बाहेर पडायचे ९६ दिवस होते, ७३ दिवस उंबरठा ओलांडला. पहिल्या तीन आठवड्यांत अठरापैकी आठ, दूध सुरू झाल्यापासून अठ्ठ्याहत्तरपैकी पासष्ट. सगळ्यांत लांब धाव ७.८ किलोमीटर. दहाला अजून वेळ आहे.

आता पुढची अडचण. फेब्रुवारीत आई महिनाभर पुण्याला भावाकडे जाणार आहे. चहासाठी थांबणारं घरात कोणी नसेल आणि मला या एका गोष्टीची खरोखर काळजी वाटत होती. काल रात्री मुलीपाशी बोलले. तिची शिकवणी साडेसातला असते, निघण्याआधी तिला कॉफी लागते. तिने माझी वही मागून घेतली, फेब्रुवारीचं पान उघडलं आणि वर तिच्या अक्षरात लिहिलं: दूध सातच्या आत.