तिसरे व्हायोलिन : सॅडलपाशी गेलेला तडा आणि वाटीभर मीठ

मागच्या नोंदीत मी घडवलेल्या तिसऱ्या व्हायोलिनला तारा चढवल्याचे मी मोठ्या समाधानाने लिहिले होते. ते समाधान पाच आठवडे टिकले. संक्रांतीनंतर वाद्य कोल्हापूरच्या एका व्हायोलिनशिक्षकांकडे वाजवून पाहण्यासाठी आंबा घाटाने वर पाठवले आणि नवव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "अहो, रागावू नका, पण तुमच्या वाद्याच्या पोटाला खालून तडा गेलाय. माझ्या हातून पडलं-बिडलं नाही हो." हे शेवटचे वाक्य त्यांना म्हणावे लागले याचेच मला अधिक वाईट वाटले, कारण तड्याची जागा त्यांनी सांगताक्षणी दोष त्यांचा नसून माझा आहे हे माझ्या लक्षात आले होते.

तडा सॅडलच्या, म्हणजे तारा ओढून धरणारी दोरी जिच्यावरून जाते त्या खालच्या काठावरच्या छोट्या पट्टीच्या, खर्जाकडच्या कोपऱ्यातून निघाला होता आणि पोटाच्या, म्हणजे वाद्याच्या वरच्या फळीच्या, स्प्रूस लाकडाच्या रेषेला धरून सरळ ६२ मिलिमीटर वर चढला होता. ज्यांनी एखादे तरी वाद्य पूर्ण केले आहे त्यांना ही जागा परिचयाची असेल. सॅडल शिसवासारख्या कठीण, काळ्या एबनीची असते आणि तिच्या रेषा पोटाच्या रेषांना आडव्या जातात. पोटाची फळी हवा कोरडी झाली की रुंदीत आकसते, पण एबनी आपल्या लांबीच्या दिशेने जवळजवळ तसूभरही हलत नाही. त्यामुळे खाचेत घट्ट बसवलेली सॅडल आकसणाऱ्या स्प्रूसमध्ये पाचरीसारखी उभी राहते आणि लाकूड कोपऱ्यापासून फाटते. यासाठीच सॅडलच्या दोन्ही टोकांना कागदाच्या जाडीची फट ठेवावी, असे प्रत्येक जाणकार सांगतो. मी ती ठेवली नव्हती. मला हे ठाऊक नव्हते असेही नाही. खाच इतकी नेमकी उतरली होती की तिच्यात केससुद्धा शिरत नव्हता, आणि ते पाहून मी स्वतःवरच खूश झालो होतो. डिसेंबरच्या नोंदीत त्या सांध्याचे जवळून काढलेले छायाचित्र मी मुद्दाम जोडले होते, ते आता कृपया कोणी नमुना म्हणून वापरू नये.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने नीट उमगली. पर्फ्लिंग, म्हणजे काठालगत बसवलेली लाकडाची बारीक पट्टी, केवळ शोभेसाठी नसते. काठावर सुरू झालेली चीर आत सरकू नये म्हणून ती वाटेतच अडवण्याचे काम ती नक्षीची पट्टी करते. पण सॅडलची खाच कापताना आपण नेमका तोच बंधारा तोडतो. माझ्या पर्फ्लिंगच्या चारही टोकांवरच्या 'नांग्या' या वेळी प्रथमच मनासारख्या टोकदार आल्या होत्या आणि त्या आजही तशाच सुबक आहेत, फक्त ज्या ठिकाणी पट्टीची खरी गरज होती तिथे ती नव्हती.

तरीही घट्ट सॅडलने सगळा उलगडा होत नव्हता. पहिल्या दोन वाद्यांतही मी सॅडल घट्टच बसवली होती आणि त्यांना काही झालेले नाही. तेव्हा पहिला आठवडा मी इतरांना दोष देण्यात घालवला. आधी तारांच्या ताणावर संशय घेतला, पण गुरुजी हिंदुस्थानी पद्धतीने तारा उतरवून लावतात, त्यामुळे एरवी सगळ्या तारांचा मिळून जो २२ ते २४ किलोंचा ताण पडतो त्याहून तो कमीच होता. मग लाकूड पुरवणाऱ्याला मनातल्या मनात बोल लावले. ती फळी मात्र निर्दोष निघाली; तड्याच्या दोन्ही बाजूंना रेषा सरळ आहेत, गाठ नाही, राळेची पिशवी नाही. शेवटी व्हर्नियर घेऊन बसलो आणि पोटाच्या काठाचा बगलेबाहेरचा (बगल म्हणजे वाद्याच्या कडेची उभी भिंत) भाग सगळीकडे मोजला. ऑगस्टमध्ये बॉक्स बंद करताना, म्हणजे पोट बगलेवर चिकटवताना, हा काठ खालच्या फुगवट्यापाशी दोन्ही बाजूंना अडीच मिलिमीटर बाहेर होता, तशी माझ्या वहीत नोंद आहे. आता तो एका बाजूला १.८ आणि दुसऱ्या बाजूला १.७ भरला. म्हणजे फळी दीड मिलिमीटरने अरुंद झाली होती.

इथे थोडे गणित करणे भाग आहे. स्प्रूसच्या लाकडातला ओलावा १ टक्क्याने घटला की उभ्या चिरलेली फळी रुंदीत सुमारे ०.१४ टक्के आकसते. खालचा फुगवटा २०५ मिलिमीटर रुंद धरला, तर दीड मिलिमीटर आकसण्यासाठी लाकडातून पाच-साडेपाच टक्के ओलावा जायला हवा. माझ्या वहीप्रमाणे बॉक्स बंद केला तेव्हा खोलीतली आर्द्रता ५५ टक्के होती. त्या हवेत लाकूड साधारण १० टक्के ओलाव्यावर स्थिरावते, आणि जानेवारीत घाटावर, दिवसभर पंखा फिरणाऱ्या खोलीत ते फार तर साडेसात टक्क्यांपर्यंत उतरेल. म्हणजे फरक अडीच टक्क्यांचा, आकसणे पाऊण मिलिमीटरचे. उरलेला पाऊण मिलिमीटर कुठून आला, या एका प्रश्नावर मी जवळजवळ तीन आठवडे अडकून पडलो होतो. व्हर्नियरची शून्यरेषा तपासली, वहीतले आकडे पुन्हा पुन्हा वाचले, पहिल्या व्हायोलिनचा काठ मोजून पाहिला. आर्द्रतामापकावर संशय घेण्याचे मात्र मला सुचले नाही, कारण त्याच्या पडद्यावर दशांशासह आकडा दिसतो आणि दशांश दिसला की माणूस निमूटपणे विश्वास ठेवतो.

ते सुचले स्वयंपाकघरात. आपल्याकडे मृग लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यामागचे कारण असे की हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. उलट बंद डब्यात ओलसर मिठाचा लगदा ठेवला तर आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, आणि आर्द्रतामापक तपासण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही. मी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाकले आणि ते मापकासह काचेच्या बरणीत रात्रभर बंद केले. पहिली रात्र फुकट गेली, कारण घरात होते ते मिठागरावरचे खडे मीठ. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते बरेच आधी पाणी धरतात आणि तपासणी बिघडवतात. दुसऱ्या रात्री पिशवीतले शुद्ध केलेले मीठ वापरले. सकाळी पडद्यावर ६१ होते. तिसऱ्या रात्रीही ६१, चौथ्या रात्री ६२. शेजाऱ्यांकडून मागून आणलेला नवा मापक त्याच बरणीत ७४ दाखवत होता.

म्हणजे माझा मापक चौदा टक्के कमी दाखवत होता, आणि ऑगस्टमध्ये ज्या हवेला मी ५५ समजत होतो ती प्रत्यक्षात ७०च्या घरात होती. ७० टक्के आर्द्रतेला लाकूड १३ टक्के ओलाव्यावर बसते. तेरा आणि साडेसात यांतला फरक साडेपाच टक्के. व्हर्नियरचा आकडा आणि वहीतला आकडा प्रथमच एकमेकांना भेटले तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. मी एकट्यानेच चहा करून घेतला आणि तड्याचे दुःख तासभर विसरलो.

मापक विकणाऱ्याला नावे ठेवण्याच्या बेतात होतो, पण न्यायाने पाहता तो दोषीच असेल असे नाही. दोन वर्षे तो माझ्या व्हार्निशच्या कपाटाशेजारी टांगलेला होता आणि टर्पेंटाइन व स्पिरिट यांच्या वाफांनी या स्वस्त मापकांचा संवेदक हळूहळू बिघडतो. आता दोन मापक ठेवणार आहे, दोन्ही व्हार्निशपासून दूर, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिठाच्या बरणीत घालून तपासणार आहे.

दुरुस्तीकडे वळतो. पोट उघडावे लागले, आणि तिथे माझी तिसरी चूक पुढे आली. पोट चिकटवताना सरस नेहमी पातळ करून वापरायचा असतो, म्हणजे लाकूड आकसू लागले की आधी सांधा सुटतो आणि फळी वाचते. सुटलेला सांधा पुन्हा चिकटवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. मी मात्र मान बसवण्यासाठी केलेला दाट सरसच काठावर लावला होता. पातळ सुरी बगलेच्या सांध्यात सरकवली तेव्हा चांगल्या सरसाचा जो कोरडा 'टिक्‌ टिक्‌' आवाज येतो तो खालच्या फुगवट्यावर थोडा वेळ आला, पण पुढे चार ठिकाणी सांधा न सुटता स्प्रूसचीच साल निघून बगलेच्या आतल्या अस्तराच्या पट्टीला चिकटून राहिली. त्या चारही साली जिथल्या तिथे परत बसवल्या आहेत.

तडा कोमट पाण्याने धुतला, कारण जेमतेम पंधरा दिवसांतही त्यात बोटांची मळी शिरली होती. मग साठ अंशांवर तापवलेला पातळ सरस आतून बोटाने दाबत, फळी अगदी किंचित वर-खाली वाकवत भरला. दुसऱ्या बाजूने सरसाचे बारीक मणी तड्याच्या पूर्ण लांबीवर एका रांगेत उमटले, तो क्षण या महिन्यातला सर्वांत सुखाचा. चोवीस तासांनी शिकंजे सोडले. भिंगाखाली सरळ प्रकाशात रेष दिसत नाही; तिरप्या उन्हात दिसते आणि ती दिसतच राहील. आतून दीड मिलिमीटर जाडीची, आठ मिलिमीटर चौरस अशी स्प्रूसची तीन ठिगळे आडव्या रेषेने लावली आहेत. ती तासण्यासाठी गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यापासून करून दिलेली गोल पटाशी वापरली. परदेशातून मागवलेली तिची चुलत बहीण तिप्पट किमतीची आहे आणि धार निम्मा वेळही धरत नाही, हे मी पूर्वीही लिहिले आहे आणि त्यावर आलेले आक्षेप वाचूनही माझे मत बदललेले नाही.

तड्यांच्या बाबतीत आपण एकटे नाही, एवढा दिलासा मात्र आहे. क्रेमोनाचा प्रसिद्ध इटालियन व्हायोलिनकार स्ट्रादिवारी याच्या हातची जी अगदी मोजकी पत्रे उरली आहेत, त्यांतल्या १७०८ सालच्या एका पत्रात तो गिऱ्हाइकाकडे उशिराबद्दल क्षमा मागतो आणि कारण देतो ते मोठ्या तड्यांचे आणि व्हार्निशचे. उन्हाने ते तडे पुन्हा उघडू नयेत अशी त्याला काळजी होती. क्रेमोनात घराच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागेत तो वाद्ये वाळत टांगत असे, असेही त्याच्याविषयीच्या जुन्या लिखाणात सांगितले आहे. ते वाचताना आमच्या घराचा चुलीवरचा माळा आठवला. पावसाळ्याची बेगमी तिथेच राहते आणि भर आषाढातही तिथले काही सादळत नाही. चौथ्या व्हायोलिनच्या फळ्या तिथे ठेवाव्यात असे मी बोलून दाखवले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ठेवा की भाऊजी, पण आमसुलांचा वास लागला तर मला विचारू नका." धुराचा विचार करता तो बेत मी सोडून दिला.

त्याऐवजी मोठे ओलावाशोषक यंत्र घ्यायचे ठरवले होते, पण ही नोंद लिहितानाच हिशेब केला आणि तेही रद्द केले. हवेत पाणी तेवढेच ठेवून तिला नुसते तापवले तरी आर्द्रता उतरते: २८ अंशांची ९० टक्क्यांची हवा ३६ अंशांवर नेली की ती ५७ टक्क्यांवर येते. म्हणजे एका बंद कपाटात साठ वॅटचा दिवा आणि तापमान राखणारा स्विच एवढ्यावर भागेल. वीज गेली की कपाट काही तासांत पुन्हा बाहेरच्यासारखे होईल, हे खरे; तीन मिलिमीटरच्या फळ्या ओलावाही पटकन ओढतात. म्हणून पावसाळ्यात चिकटवण्याचे कोणतेच मोठे काम करायचे नाही, असेही त्याच्या जोडीला ठरवतो आहे. जून ते सप्टेंबर मान आणि स्क्रोल (मानेच्या टोकाची गुंडाळी) कोरायचे, आणि बॉक्स बंद करायचा तो माघ-फाल्गुनात, मतलई वारा सुटल्यावर. कोरड्या दिवसांत बंद केलेले पोट पावसाळ्यात फुगून थोडे वर उचलेल आणि तारा बोटांना उंच लागतील, पण त्याने लाकूड फाटत नाही. त्यासाठी पावसाळ्याची एक आणि हिवाळ्याची एक अशा दोन घोड्या करून ठेवता येतील. चेलोवादकांत ही पद्धत आहेच.

सॅडल नवी केली आहे. दोन्ही टोकांना निमंत्रणपत्रिकेच्या कागदाएवढी फट ठेवली आहे आणि ती भरणार नाही. खाचेचे आतले कोपरे काटकोनात न ठेवता गोल फायलीने किंचित वळवावेत, म्हणजे चीर सुरू व्हायला टोकच उरणार नाही, हे आत्ता लिहितालिहिता सुचले. उद्या आधी भंगार फळीवर करून पाहतो. पोट शिमग्यापूर्वी पुन्हा बसवायचे आहे. सरसाचे दाणे पाण्यात भिजत घातले आहेत, या वेळी नेहमीच्या दीडपट पाण्यात, आणि दोन्ही मापक बरणीतून काढून खिडकीपासून दूरच्या भिंतीवर टांगले आहेत. नवा ५२ दाखवतो आहे, जुना ३९. गुरुजींना फोन करून सांगितले, तर ते म्हणाले, "सावकाश होऊ द्या, पण या खेपेला पेटीत मिठाची पुडीही घालून पाठवा."